भूल आणि पहारा



घरांत कोणाची शस्त्रक्रिया ठरली कीं आपण पहिली चौकशी करतों ती शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची. त्यांचा हात कसा आहे, अशा शस्त्रक्रिया त्यांनीं किती केल्या आहेत, हें चार ठिकाणीं विचारून घेतों. भूल कोण देणार, हें मात्र फारच थोडे लोक विचारतात. भूल म्हणजे टोचून आणलेली झोंप. ती लागते आणि वेळ झाली कीं उतरते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत कितपत बरोबर आहे, आणि शिरेंतून दिल्या जाणाऱ्या भुलेच्या औषधांनीं धोका कसा होतो व तो कसा टाळतां येतो, हें आज सांगावयाचें आहे. मी डॉक्टर नव्हे. माझें आयुष्य शाळेंत फळ्यापुढें गेलें. औषध कोणतें व किती द्यावें, हें ठरविण्याचा अधिकार माझा नाहीं व श्रोत्यांचाही नाहीं. परंतु तें देतांना काय घडतें आणि आपण काय विचारावें, हें समजून घेण्याचा अधिकार प्रत्येकाचा आहे.

प्रथम झोंप आणि भूल यांतील भेद पाहूं. झोंपलेल्या माणसास डांस चावला तर त्याचा हात तिकडे जातो. घशांत लाळ उतरली तर तो ती गिळतो. श्वास अडूं लागला तर कूस बदलतो. शरीराचे पहारेकरी झोंपेंत जागेच असतात. भूल मात्र या पहारेकऱ्यांनाच बाजूस सारते. जीभ सैल होऊन मागें पडते व श्वासाचा मार्ग बुजूं शकतो, पोटांतील अन्न वर येऊन फुप्फुसांत उतरूं शकतें, श्वास मंद होतो, प्रसंगीं थांबतो, रक्तदाब उतरतो. म्हणून ज्याचे पहारे आपण काढून घेतले, त्याच्यासाठीं बाहेरचा पहारा उभा करणें हें भूल देणाराचें खरें काम होय. औषध टोचण्यास अर्धें मिनिट लागतें. पहारा मात्र रुग्ण पुरता शुद्धीवर येईपर्यंत ठेवावा लागतो.

आतां शिरेंतूनच कां, हें पाहूं. हाताच्या शिरेंत सोडलेलें औषध रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या भागांत, तेथून फुप्फुसांत, परत हृदयाच्या डाव्या भागांत आणि तेथून मेंदूंत पोंचतें. या सर्व प्रवासास साधारण अर्धें मिनिट पुरतें. हीं औषधें चरबींत विरघळणारीं असल्यामुळें मेंदूंत तीं झटकन शिरतात. पुढें रक्त तेंच औषध स्नायूंकडे व नंतर चरबीकडे वाहून नेतें, मेंदूंतील प्रमाण उतरतें आणि रुग्ण जागा होतो. म्हणजे रुग्ण डोळे उघडतो त्या वेळीं औषध नाहींसें झालेलें नसतें. तें केवळ दुसरीकडे पांगलेलें असतें. जागा झालेला रुग्ण लागलीच धडधाकट कां समजूं नये, याचें उत्तर येथें आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नाकावाटें हुंगविण्याच्या भुलेंत धोका दिसला तर मुखवटा दूर करतां येतो, आणि श्वास चालू असला तर औषध श्वासावाटें कांहीं अंशीं बाहेर पडतें. शिरेंत सोडलेलें औषध परत काढून घेतां येत नाहीं. तें हळू हळू, थोडें थोडें आणि परिणाम पाहात पाहात द्यावें, हा नियम यांतूनच निघाला आहे.

या शास्त्राचा इतिहास फार जुना नाहीं. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन येथें मॉर्टन यानें ईथरची भूल जाहीरपणें देऊन दाखविली. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८४७ सालीं, एडिंबरोच्या सिम्पसननें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. क्लोरोफॉर्म गोड व सोयीचें होतें, परंतु त्यानें माणसें अचानक दगावूं लागलीं. तीं श्वास बंद पडून मरतात कीं हृदय बंद पडून, हा मोठा वाद झाला. त्या वादाचें एक प्रकरण आमच्या भागापासून फार दूर घडलें नाहीं. सिरोंचाहून प्राणहिता ओलांडली कीं पलीकडे त्या काळीं निजामाचें राज्य लागे. त्या राज्याची राजधानी हैदराबाद येथें १८८८ व १८८९ सालीं, एडवर्ड लॉरी या डॉक्टराच्या पुढाकारानें आणि निजाम सरकारच्या खर्चानें, क्लोरोफॉर्मच्या तपासासाठीं दोन मंडळें बसलीं. श्वास आधीं थांबतो, म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवा, असा त्यांचा निष्कर्ष. लॉरी यांच्याबरोबर काम केलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी विदुषीची गणना जगांतील अगदीं पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत होते. पुढें १९११ सालीं लेव्ही या इंग्रज संशोधकानें दाखवून दिलें कीं हलक्या भुलेंत क्लोरोफॉर्म हृदयाची लयही एकाएकीं बिघडवितें. दोन्ही पक्षांचें थोडें थोडें खरें होतें. श्वासही पाहिला पाहिजे आणि नाडीही. एकीकडे पाहून दुसरीकडे दुर्लक्ष केलें तर रुग्ण हातचा जातो.

शिरेंतून देण्याच्या भुलेस खरें महत्त्व १९३४ पासून आलें. त्या वर्षीं अमेरिकेंत वॉटर्स व लंडी यांनीं थायोपेंटोन हें औषध वापरण्यास आरंभ केला. गुदमरविणारा वास नाहीं, धडपड नाहीं. रुग्ण आंकडे मोजतां मोजतां निजतो. लोकांस हें औषध जादूसारखें वाटलें. परंतु ७ डिसेंबर १९४१ रोजीं पर्ल हार्बरवर हल्ला झाला. रक्तस्रावानें क्षीण झालेल्या सैनिकांस हेंच औषध नेहमींच्या प्रमाणांत दिल्यानें कांहीं दगावले, असें पुढें प्रसिद्ध झालें. मृत्यूंचा आंकडा फुगवून सांगितला गेला होता, असें नंतरच्या अभ्यासकांनीं दाखविलें आहे. पण धडा खोटा ठरला नाहीं. शरीरांतील रक्त कमी झालें असतां तेंच प्रमाण जड होतें. धडधाकट माणसास सोसणारी मात्रा रक्तस्राव झालेल्या बाळंतिणीस, हगवणीनें सुकलेल्या मुलास किंवा ऐंशी वर्षांच्या आजोबांस सोसेलच असें नाहीं.

तिसरें औषध केटामीन. तें १९६२ सालीं अमेरिकेंत तयार झालें, १९६४ सालीं प्रथम माणसास देण्यांत आलें आणि १९७० पासून त्यास अधिकृत परवानगी मिळाली. याची तऱ्हा निराळी आहे. रुग्णाचे डोळे कित्येकदां उघडे राहतात, पण तो येथें नसतो. वेदना त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. श्वास व घशाची जाग बहुधा टिकून राहते, रक्तदाब उतरण्याऐवजीं चढतो, आणि शीर सांपडली नाहीं तर स्नायूंतही टोंचतां येतें. जेथें मोठीं यंत्रें नाहींत तेथें त्यामुळें त्याचा फार आधार झाला. १९८५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादींत तें आहे. परंतु ‘बहुधा’ या शब्दाकडे लक्ष द्यावें. केटामीननें लाळ सुटते, कधीं स्वरयंत्र आंवळून श्वास अडतो. रक्तदाबाच्या रुग्णास तें त्रासाचें होऊं शकतें. शुद्धीवर येतांना भयंकर भास होतात. अशा वेळीं रुग्णास हलवून हांका मारण्यापेक्षां शांत व मंद उजेडाच्या जागीं ठेवून त्याच्या ओळखीच्या भाषेंत धीर देणें बरें.

चौथें आणि आज शहरांत सर्वांत अधिक वापरलें जाणारें औषध प्रोपोफॉल. इंग्लंडमध्यें ग्लेन या पशुवैद्यकांतून आलेल्या शास्त्रज्ञाच्या संशोधनांतून तें निघालें. १९७७ सालीं माणसांवर प्रयोग सुरू झाले. परंतु ज्या द्रवांत तें प्रथम विरघळविलें होतें त्याची कांहीं रुग्णांस तीव्र बाधा झाली, म्हणून सोयाबीनचें तेल व अंड्यांतील स्निग्ध द्रव्य यांत तें नव्यानें बसविण्यांत आलें आणि १९८६ पासून बाजारांत आलें. दिसावयास तें दुधासारखें पांढरें असतें. रुग्ण लवकर निजतो, लवकर व प्रसन्न उठतो, मळमळ कमी होते. दुर्बिणीनें पोट तपासणें, दांतांचीं मोठीं कामें, सौंदर्यासाठीं केल्या जाणाऱ्या लहानसहान शस्त्रक्रिया यांत तें सर्रास येतें. हें सुखच धोक्याचें मूळ होतें. हलकी गुंगी आणि श्वास थांबविणारी गाढ भूल यांमधील अंतर या औषधांत फार थोडें आहे, आणि त्याचा परिणाम उलटविणारें उतारऔषध नाहीं. श्वास थांबला तर औषध ओसरेपर्यंत दुसऱ्यानें श्वास द्यावयाचा, एवढाच उपाय.

मात्रेचें एक गणित येथें करून पाहूं. नेहमींच्या प्रोपोफॉलच्या एका मिलिलिटरांत दहा मिलिग्रॅम औषध असतें. निरोगी तरुणास निजविण्यासाठीं वजनाच्या दर किलोस साधारण दीड ते अडीच मिलिग्रॅम लागतें. वृद्धास एक ते दीड पुरतें. पन्नास किलोच्या तरुणास पंचाहत्तर ते सव्वाशें मिलिग्रॅम, तर तितक्याच वजनाच्या वृद्धेस पन्नास ते पंचाहत्तर. वजन अंदाजानें साठ धरलें आणि वयही विचारांत घेतलें नाहीं, तर वृद्धेस दुपटीहून अधिक औषध जाऊं शकेल. शस्त्रक्रियेपूर्वीं परिचारिका वजनकांट्यावर उभें करते ती उगाच नव्हे.

या औषधाचा दुसरा धोका जंतूंचा. तेल व अंड्यांतील द्रव्य जंतूंस पोषक असतें. १९९० ते १९९३ या काळांत अमेरिकेंतील सात रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर ताप व रक्तदोष यांच्या सांथी उद्भवल्या. तपासांतीं दिसून आलें कीं दोष औषधाच्या कारखान्याचा नव्हता. एकच कुपी किंवा पिचकारी अनेकांस वापरणें, भरलेली पिचकारी तासन् तास तशीच ठेवणें, असे हातांचे दोष होते. एका रुग्णाची कुपी एकालाच, आणि उघडलेलें औषध कांहीं तासांत फेंकून देणें, हा नियम काटकसरीच्या नांवाखालीं मोडूं नये.

तिसरा धोका माणसाच्या मोहाचा. अमेरिकेंतील सुप्रसिद्ध गायक मायकेल जॅक्सन २५ जून २००९ रोजीं वारला. त्यास झोंप येत नसे, म्हणून त्याच्या घरींच प्रोपोफॉल दिलें जात होतें. पैसा होता, नोकरी देऊन ठेवलेला डॉक्टर होता. परंतु शस्त्रक्रियागृहांतील साधनें नव्हतीं आणि अखंड पहारा नव्हता. त्या डॉक्टरास १९११ च्या नव्हे तर आपल्याच काळांत, २०११ सालीं, न्यायालयानें दोषी ठरविलें. भुलेचें औषध निद्रानाशावरचें औषध नव्हे, आणि राहतें घर ही भूल देण्याची जागा नव्हे.

आतां आमच्या भागाकडे वळतों. सिरोंचा हें गडचिरोली जिल्ह्याचें दक्षिण टोंक. एकीकडे प्राणहिता, खालीं गोदावरी, पुढें इंद्रावतीचा संगम, आणि भोंवतीं अरण्य. जिल्ह्याचें ठिकाण येथून दोनशें किलोमीटरांहून दूर आहे. गोदावरीवर आतां पूल झाला आहे, त्यामुळें कित्येक रुग्ण पलीकडे तेलंगणांतील शहरांकडे जातात. अशा ठिकाणीं भुलेचा प्रश्न पुस्तकी राहात नाहीं. अडलेल्या बाळंतिणीसाठीं शस्त्रक्रिया करूं शकणारा डॉक्टर हजर आहे, पण भूल देणारा नाहीं, म्हणून तिला दूर न्यावें लागतें. आणि तो रस्ता तिच्या व बाळाच्या जिवावर बेततो. हाच विचार करून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळांत साध्या पदवीधर डॉक्टरांस प्रसूतीच्या आणीबाणीपुरती भूल देण्याचें अठरा आठवड्यांचें शिक्षण देण्याची योजना निघाली. अरण्यांतील शस्त्रक्रियेस भूलतज्ज्ञ किती मोलाचा, याचें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत आहे. भामरागड तालुक्यांतील हेमलकसा येथें १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हां तेथें वीज नव्हती, धड रस्ता नव्हता. डॉ. प्रकाश आमटे यांच्याबरोबर तेथें गेलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे यांचें शिक्षण भूलशास्त्रांतलें होतें.

आमच्या भागांत भुलेपूर्वींची चौकशी हीच मोठी परीक्षा असते. येथें मराठी, तेलुगु, माडिया अशा भाषा एकाच बाकावर बसलेल्या असतात. ‘जेवलांत कां?’ असें मराठींत विचारलें तर रुग्ण ‘नाहीं’ म्हणतो, आणि तें खरें असतें. कारण भात त्यानें खाल्लेला नसतो. पण पहांटे तो आंबील पिऊन निघालेला असतो. आंबील प्यावयाची असली तरी पोटाच्या हिशेबीं ती अन्न आहे, पाणी नव्हे. म्हणून रुग्णाच्या भाषेंत, ‘सकाळपासून तोंडांत काय काय गेलें?’ असें विचारावें. साधारण नियम असा: हलक्या अन्नानंतर सहा तास, आईच्या दुधानंतर चार तास, आणि स्वच्छ पाण्यानंतर दोन तास गेले पाहिजेत. तेलकट, जड जेवणास याहून अधिक. दूध व दूध घातलेला चहा यांची गणना अन्नांत होते, हें शहरांतील घरांनींही ध्यानांत ठेवावें. उपाशी ठेवलेल्या लेंकराची दया येऊन आजीनें गुपचूप दिलेलें बिस्किट त्याच्या फुप्फुसांत जाऊं शकतें.

याच भागांतील दुसरी बाब सिकलसेलची. गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबांत हा रक्तदोष पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. रक्तांतील प्राणवायु कमी झाला, शरीर थंड पडलें किंवा पाणी कमी झालें कीं या रुग्णांच्या तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात. भुलेंत या तिन्ही गोष्टी सहज घडूं शकतात. या रोगासाठीं १ जुलै २०२३ रोजीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून तपासणी झालेल्यांस कार्ड मिळतें. तें कार्ड पेटींत न ठेवतां भूल देणाराच्या हातीं द्यावें. विदर्भांतून नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेलेल्या कुटुंबांनाही हें तितकेंच लागू आहे.

पहाऱ्याच्या साधनांत सर्वांत उपयुक्त असें लहानसें यंत्र म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. जपानच्या आओयागी यांनीं त्यामागील युक्ति शोधून काढली. बोटांतून तांबडा व अदृश्य असा दोन प्रकारचा प्रकाश सोडून रक्तांत प्राणवायु किती भरला आहे, हें तें सांगतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठीं जी एकोणीस कलमांची यादी दिली, तींत हें यंत्र लावून तें चालू आहे याची खात्री करणें हें एक कलम आहे. नखांवरील गडद रंगानें त्याचें वाचन बिघडूं शकतें, तेव्हां तो आधींच पुसून जावें. परंतु यंत्राचीही मर्यादा आहे. रुग्णास वरून प्राणवायु दिलेला असेल तर श्वास थांबल्यावरही कांहीं वेळ आंकडा चांगलाच दिसतो. तो उतरूं लागतो तेव्हां मोलाचीं मिनिटें गेलेलीं असतात. म्हणून छाती हलते कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे, आणि शक्य तेथें उच्छ्वासांतील वायु मोजणारा कॅपनोग्राफही असावा. त्याबरोबर रक्तदाब मोजणें, प्राणवायूचा सांठा, घसा शोषून घेण्याचें साधन आणि हातानें दाबून श्वास देण्याची पिशवी हीं हाताशीं हवींत. या पिशवीस वीज लागत नाहीं; पावसाळ्यांत वीज गेली असतां तिची किंमत कळते.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पहारेकरी निराळा हवा. जो शस्त्रक्रियेंत गुंतला आहे, त्याच्यानेंच श्वासाकडेही पाहणें होत नाहीं. प्रोपोफॉलसारखें औषध देणाऱ्या माणसाला त्या वेळीं दुसरें काम असूं नये, आणि थांबलेला श्वास चालविण्याचें शिक्षण त्यास मिळालेलें असावें.

शहरांतील श्रोत्यांस वाटेल कीं या अडचणी अरण्यांतल्या. तसें नाहीं. मोठ्या शहरांतील एखाद्या लहान दवाखान्यांत, ‘थोडी गुंगी देतों, दहा मिनिटांचें काम,’ असें म्हणून हेंच औषध पहाऱ्यावांचून दिलें गेलें, तर तो दवाखाना कोणत्याही दुर्गम गांवाइतकाच दूर आहे. तेव्हां पुढील गोष्टी निःसंकोच विचाराव्या. भूल कोण देणार, व त्यांचें शिक्षण काय? तें शस्त्रक्रिया संपेपर्यंत रुग्णाजवळ थांबतील ना? प्राणवायु, ऑक्सिमीटर व श्वास देण्याचीं साधनें तेथें आहेत ना? रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याजवळ कोण बसणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनीं रागावत नाहीं. ते त्याच्याच मनांत आधीं येऊन गेलेले असतात.

आपल्या बाजूनें आपण सर्व खरें सांगावें. पूर्वीं भुलेचा त्रास झाला असल्यास, दमा, घोरणें, रक्तदाब, मधुमेह, हलणारा दांत, चालू असलेलीं औषधें, एवढेंच नव्हे तर दारू, ताडी, तंबाखू यांचीं व्यसनें हीं लपवूं नयेत. वजन उतरविण्यासाठीं हल्लीं आठवड्यास टोंचून घेतलीं जाणारीं कांहीं औषधें पोट रितें होण्यास उशीर लावतात. उपवास करूनही पोट भरलेलें राहूं शकतें. तींही सांगावीं. लोकलज्जेनें दडविलेली गोष्ट भुलेच्या टेबलावर बाहेर येते, आणि त्या वेळीं ती दुरुस्त करण्यास अवधि फार थोडा असतो.

घरीं आल्यावर चोवीस तास रुग्णानें वाहन चालवूं नये, विळी-शेगडीपाशीं एकटें बसूं नये, दस्तऐवजावर सही करूं नये, दारू घेऊं नये. औषध पांगलेलें असतें, गेलेलें नसतें, हें आरंभीं सांगितलें त्याचाच हा अर्थ. पहिली रात्र कोणीतरी जवळ असावें.

आज भूल पूर्वीपेक्षां कितीतरी सुरक्षित झाली आहे. तिची भीति बाळगून आवश्यक शस्त्रक्रिया पुढें ढकलणें हें शहाणपण नव्हे. पण ही सुरक्षितता औषधाच्या कुपींतून आलेली नाहीं. शिकलेला माणूस, चालू स्थितींतील साधनें आणि खरें बोलणारा रुग्ण यांतून ती आली आहे. सिरोंचाच्या बाळंतिणीला आणि पुण्या-मुंबईच्या गृहिणीला त्यांपैकीं एकही गोष्ट कमी पडूं नये, एवढीच अपेक्षा आहे.